मदत हवी आहे: एफ-१५० एक्सएलटी घ्यावी की लॅरिएट?

मंडळी, डॅलसला राहतो, नवी फोर्ड एफ-१५० पिकअप घ्यायची आहे. सुपरक्रू (चार दारांची मोठी केबिन), फोर बाय फोर, ३.५ लिटरचं इकोबूस्ट इंजिन इथपर्यंत ठरलंय. अडलंय ते ट्रिमवर, म्हणजे साधी एक्सएलटी की तिच्या वरची लॅरिएट. ट्रेलर सामानासकट ६,५०० पौंडांचा. ओढायला इंजिन भरपूर आहे, घोडं पेलोडवर अडतंय, म्हणजे गाडीवर एकूण किती वजन लादता येतं त्यावर. हिचवर (ट्रेलर जोडतात तिथे) ट्रेलरच्या वजनाच्या १३ टक्के भार धरला तर ८४५ पौंड तिथेच गेले, वर आम्ही चौघं आणि मागचं सामान मिळून ६५० तरी होतं. म्हणजे १,५०० हवेतच. वरच्या ट्रिममध्ये गाडी जड होते. काचेचं मोठं छप्पर, पॉवर सीटा, सगळ्याचं वजन पेलोडमधूनच वजा.

कंपनीच्या साइटवर जुळवून पाहिलं, पण तिथला आकडा कमाल असतो. डीलरला विचारावं तर तो टोइंगचंच (गाडी किती ओढेल तेच) ऐकवतो. बायकोला लॅरिएटच्या गार होणाऱ्या सीटा हव्यात (टेक्सासचा उन्हाळा, तिचंही खरंच आहे). त्याहून मोठी एफ-२५० सुचवू नका, गॅरेजमध्ये मावत नाही. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कुठल्याही ट्रिममध्ये घेणारच.

कुणाकडे याच इंजिनाची लॅरिएट असेल, तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर बघून सांगाल का, माणसं-सामान मिळून किती पौंड लिहिलेत, आणि छप्पर काचेचं आहे की साधं?