मतपत्रिकेवर नाव नाही, तरी मत त्यालाच: 'राइट-इन' हवं की नको?

मतकंदील
अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर छापील नावं संपली की खाली एक रिकामी ओळ असते. हवं ते नाव तिथे हाताने लिहायचं. हेच राइट-इन. उमेदवार कोण हे बहुधा पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायच्या आधीच्या निवडणुकीत ठरतं. तिथेच गडबड झाली तर मतदाराच्या हातात एवढी एकच ओळ उरते, म्हणून ती टिकलीच पाहिजे.

अलास्का, 2010: सिनेटर लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत जो मिलर यांच्याकडून हरल्या. त्यांनी राइट-इन म्हणून लढायचं ठरवलं, नावाचं स्पेलिंग जाहिरातींतून आणि मनगटी पट्ट्यांवरून लोकांच्या डोक्यात बसवलं आणि सुमारे 10 हजार मतांनी जिंकल्या. साउथ कॅरोलिनातून स्ट्रॉम थर्मंड 1954 मध्ये असेच सिनेटवर गेले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत 2021 मध्ये बायरन ब्राउन प्रायमरी हरूनही महापौर झाले. तिथे नावाचा रबरी शिक्का चालतो, म्हणून प्रचारकांनी शिक्केच वाटले.

गणिती_नजर
असहमत. तिन्ही नावं बघा. मर्कोव्स्की विद्यमान सिनेटर, वडील सिनेटर आणि गव्हर्नर राहिलेले. थर्मंड माजी गव्हर्नर. ब्राउन चार वेळा निवडून आलेले महापौर. ही ओळ कामी आली ती पैसा आणि ओळख आधीच असलेल्यांच्या.

बाकीच्यांचं काय होतं ते सॅन डिएगोत दिसलं. 2004 ची महापौरपदाची निवडणूक, डॉना फ्राय राइट-इन. पाच हजारांहून जास्त लोकांनी त्यांचं नाव लिहिलं, पण मत नोंदवायचा शेजारचा लंबगोल काळा केला नाही. कायद्याने तो भरणं सक्तीचं होतं, म्हणून ती मतं बाद. फ्राय हरल्या सुमारे 2,100 मतांनी. मतदाराने स्वतःच्या अक्षरात नाव लिहूनही मत मोजलं जात नसेल, तर असली सोय देण्यापेक्षा न दिलेली बरी.

मतकंदील
तो दोष नियमाचा, ओळीचा नाही. अलास्कात मिलर यांनी स्पेलिंगच्या चुकांवरून आठेक हजार मतांवर हरकत घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हेतू कळतो ना, एवढंच पाहिलं. आणि हरकतीची सगळी मतं वगळली तरी मर्कोव्स्की दोनेक हजारांनी पुढेच होत्या.

एडिसनकर
वाद चालू दे, पण इथे अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी मंडळींसाठी कामाचं सांगते. मोजणीयंत्र अक्षर वाचत नाही, ते फक्त लंबगोल बघतं. तो भरलेला असेल तर त्या ओळीचं चित्र वेगळं काढलं जातं आणि माणसं ते वाचतात. म्हणून आधी लंबगोल, मग नाव. छापील उमेदवाराचा लंबगोल भरून खाली दुसरंच नाव लिहिलं आणि त्याचाही लंबगोल भरला तर एका जागेला दोन मतं होतात आणि दोन्ही जातात. नाव चुकीच्या पदाखाली गेलं तरी तेच. यंत्रात अडकतात म्हणून नाव छापलेल्या चिकटपट्ट्या बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं: अनेक राज्यांत राइट-इन उमेदवाराने आधी नोंदणी केलेली नसेल तर त्याची मतं मोजतच नाहीत. राष्ट्राध्यक्षपदासाठी तर बऱ्याच ठिकाणी इलेक्टरांची (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची) यादीही आधी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि राज्याच्या पदांसाठी नोव्हेंबरमध्ये राइट-इन नाहीच, फक्त प्रायमरीत आहे. हवाईत अजिबात नाही. ती बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवली.

खरा उपयोग शाळा मंडळासारख्या छोट्या पदांना. कोणी अर्जच भरला नसेल तर हाताने लिहिलेल्या मोजक्या मतांवर जागा भरते.

सुरत_ते_सातारा
मग भारतात का नको? सुरत लोकसभा, 2024: काँग्रेस उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद, बाकीच्यांची माघार, मुकेश दलाल बिनविरोध. मतदानच झालं नाही, त्यामुळे नोटाही दाबता आला नाही. एक रिकामी ओळ असती तर लाखो मतदारांना निदान बोलता आलं असतं.

गणिती_नजर
आपल्याकडे ही ओळ थेट गुप्ततेवर येईल. 1961 च्या निवडणूक नियमांत, मतदार ओळखता येईल अशी खूण किंवा लिखाण मतपत्रिकेवर असेल तर ती बाद होते. हे उगाच नाही. गावात पैसे वाटणारा सांगेल, नाव अमुक पद्धतीने लिही, मोजणीला आमचा माणूस बघेल. हस्ताक्षर हीच पावती. शिवाय आपला मतदार चिन्हावर बटण दाबतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने ओळीचं काय करायचं?

सुरतचा उपाय वेगळा आहे: एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्या. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये महापालिका आणि नगरपरिषदांसाठी नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश काढला होता. तोच धागा पुढे न्या.

सुरत_ते_सातारा
गुप्ततेचा मुद्दा मान्य. पण नोटा नुसतं 'हा नको' म्हणतो, 'तो हवा' म्हणू देत नाही. फेरनिवडणुकीत पक्षांनी पुन्हा तसलेच दोघे उभे केले तर? राइट-इनसाठी आधी नोंदणी सक्तीची करा, नोंदलेल्या प्रत्येकाला क्रमांक द्या आणि मतदाराला नावाऐवजी तो क्रमांक यंत्रावर दाबू द्या. हस्ताक्षरही नको, स्पेलिंगही नको.

गणिती_नजर
नोंदणी केली, क्रमांक दिला, यंत्रावर आणला. मग तो अपक्ष उमेदवारच झाला ना? त्यापेक्षा अर्ज भरायची मुदत वाढवा आणि किरकोळ त्रुटींवरून अर्ज बाद करणं थांबवा.