बेसबॉल ट्रायआउट्स: लेक शांत, मीच कासावीस

सोमवारपासून लेकाच्या हायस्कूल ट्रायआउट्स (संघाच्या निवड चाचण्या). नववीत आहे, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळतो. तो गाढ झोपतो, मी रात्रभर कूस बदलते. कुंपणापाशी उभी राहू का?

↳ नको ताई, गाडीतच थांबा. त्याची नजर कोचकडे हवी. ६० यार्डांची धाव, ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) अडवणं, बॅटिंग सगळं बघतात. एखादा चेंडू सुटला तर पुढच्यासाठी पोरगा कसा सावरतो, हेही टिपतात. घरी आल्या आल्या ‘कसं झालं?’ नको, आधी जेवायला वाढा.

↳ नववीची मुलं बहुधा फ्रेशमन (नववीच्या) किंवा जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुय्यम) संघातच जातात. व्हर्सिटी (शाळेचा मुख्य संघ) नाही म्हणून हिरमुसू नका.

↳ धीर आला! आणि यादीत नावच नसलं तर?

↳ कुठे कमी पडलो, हे कोचला त्यानेच विचारावं. तुम्ही ईमेल करू नका.