मदत हवी आहे: अंधारातही सौर पॅनेलवर ३ व्होल्ट, दिवा नुसताच मिणमिणतो

मंडळी, रात्री आपोआप लागणारा छोटा सौर दिवा जुळवलाय. पॅनेल ६ व्होल्ट, १ वॉटचं. त्याच्या प्लसपासून १एन५८१९ डायोडमधून बॅटरी चार्ज होते (एए आकाराचे तीन निकेल मेटल हायड्राइड सेल, आत्ता ३.८ व्होल्ट). बीसी५५७ ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एमिटर बॅटरीच्या प्लसला, बेस १ के (१००० ओहम) रेझिस्टरमधून पॅनेलच्या प्लसला आणि कलेक्टरला ३३ ओहम व पांढरा एलईडी. वेगळा एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर) नाही, उजेड आहे की नाही ते पॅनेलच सांगणार.

दिवसा दिवा बंद असतो, चार्जिंगही होतं. पण पॅनेल जाड कापडाने झाकलं की एलईडी काजव्यासारखा. तेव्हा पॅनेलच्या टोकांवर मीटर चक्क ३.२ व्होल्ट दाखवतो! डायोड उलटा गळतोय म्हणावं, तर त्याचं एक टोक सोडवूनही आकडा तोच. आणि पॅनेलच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या की दिवा लख्ख. म्हणजे एलईडी, ट्रान्झिस्टर दोन्ही ठीक असावेत. मग हे व्होल्ट येतात कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा (दिवा टाकत नाहीये म्हणून).

प्रतिसाद

डायोडला सोडा, तो निर्दोष आहे. ते व्होल्ट बेसमधून येतायत. ३.८ मधून एमिटर-बेसचे ०.६ वजा करा, तुमचे ३.२ आले. खात्री करायची तर १ के चं एक टोक उचला, पॅनेलवरचा आकडा पडेल.

अंधारात पॅनेल म्हणजे तारेचा तुकडा नव्हे. आत एकामागोमाग एक जोडलेले डायोडच असतात, ६ व्होल्टच्या पॅनेलात साधारण १२. प्रत्येकाच्या वाट्याला पाव व्होल्ट आला, तेवढ्यावर सिलिकॉन कुठला वाहतोय? बेसमधून करंट बाहेर गेला तरच ट्रान्झिस्टर दिवा लावतो, आणि इथे त्या करंटला वाटच नाही. तारा टेकवून ती वाट तुम्हीच करून देत होतात.

पॅनेलच्या प्लस-मायनसवर ४.७ के चा रेझिस्टर आडवा लावा, म्हणजे ती वाट कायमची होईल. दिवसा तो एखाद-दीड मिलिअँपिअर खाईल, चार्जिंगला काही फरक पडत नाही. झाकल्यावर पॅनेलवर अडीच व्होल्टच्या आसपास दिसतील, शून्य दिसणार नाहीत, घाबरू नका. रेझिस्टर कमी केलात तर दिवा उजेड असतानाच लागेल, वाढवलात तर उशिरा. एलईडीचा झोत मात्र पॅनेलवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा स्वतःच स्वतःला विझवू पाहील.

धागाकर्ता

१ के उचलल्यावर आकडा खरंच पडला! ४.७ के लावला, आता झाकल्यावर २.६ दाखवतोय आणि दिवा पूर्ण उजेडाने लागतो. फक्त तिन्हीसांजेला एकदम न लागता हळूहळू चढत जातो. हे चालेल ना?

प्रतिसाद

चालेल. एका ट्रान्झिस्टरचं सर्किट असंच वागतं. झटक्यात लागायला हवा असेल तर दुसरा ट्रान्झिस्टर घालून श्मिट ट्रिगर (अधेमधे न रेंगाळता झटक्यात चालू-बंद होणारं सर्किट) करावा लागेल. एवढ्याशा दिव्यासाठी मी तरी त्या फंदात पडणार नाही.