मदत हवी आहे: रेंडर लावला की प्रोसेसर ९५ वर, पीसी बंद पडून राहिला

रेंडरवाला_नागपूर (शुक्रवार, रात्री ११:४०)
राजेहो, लवकर सांगा. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीच्या सेटिंगपेक्षा जास्त पळवला, सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक. गेम दोन-दोन तास चालतो, काही होत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला की दोन मिनिटांत ९५ अंश, मग स्क्रीन काळी आणि पीसी आपोआप रीस्टार्ट. सोमवारी सकाळी बिल्डरला फ्लॅटचा वॉकथ्रू (आतून फिरवून दाखवणारा व्हिडिओ) द्यायचा आहे, ९०० फ्रेम काढायच्या आहेत. जिथे पाहावं तिथे लिहिलंय की तापमान कमी करा. अरे, ते कसं करू तेच तर विचारून राहिलो.

सांगलीचा_पीसीवाला
प्रोसेसर कोणता? मदरबोर्ड? कूलर कोणता? व्होल्टेज किती दिलंय? यातलं एकही लिहिलेलं नाही.

रेंडरवाला_नागपूर
रायझन ५ ५६००एक्स, बी४५० बोर्ड. व्होल्टेज १.४. कूलर खिडकीत आहे, मागच्याच आठवड्यात वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. तरी खोलीत ३६ आहे.

सांगलीचा_पीसीवाला
खोलीचा कूलर नाही हो भाऊ, प्रोसेसरवरचा.

रेंडरवाला_नागपूर
अच्छा. तो डब्यातूनच आलेला, छोटा काळा.

ठाणे_वेस्ट
मग प्रश्नच मिटला. ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्या. मी घेतल्यापासून ७० च्या वर आकडा पाहिलेला नाही.

जुना_खटाटोप
लिक्विड कशाला? मी २०११ साली आय५ २५००के घेतला, ३.३ चा ४.५ वर नेला आणि साध्या टॉवर कूलरवर दहा वर्षं चालवला. त्याआधी सेलेरॉन ३००ए होता. बोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की प्रोसेसर ३०० चा ४५० व्हायचा. हिंमत लागते फक्त. व्होल्टेज १.४५ करा, रीस्टार्ट थांबेल.

सांगलीचा_पीसीवाला
काका, कृपया असं सांगू नका, त्यांचा प्रोसेसर जाईल. २५००केमध्ये कंपनीने भरपूर जागा शिल्लक ठेवली होती. ५६००एक्स कारखान्यातूनच ४.६ पर्यंत बूस्ट होऊन येतो, काढायला उरतंय काय? आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ चे १.४ केले तर त्याच वेगाला साधारण २५ टक्के जास्त उष्णता. तो छोटा कूलर ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी दिलेला आहे. हाताने लॉक केलं की ७६ वॉटपर्यंतच वीज ओढायची मूळ मर्यादाही उठते, मग प्रोसेसर ओढेल तेवढं ओढतो.

जुना_खटाटोप
पण रीस्टार्ट व्होल्टेज कमी पडल्यानेच होतंय ना? ९५ ला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, असा झटक्यात बंद पडत नाही.

सांगलीचा_पीसीवाला
हे मात्र बरोबर. लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, आणि तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी जास्त लागतं. रेंडरवाले, विंडोजमधली नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडा. कर्नल-पॉवर ४१ दिसेलच, त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद झाला नव्हता. त्याच्या आसपास WHEA-Logger १८, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद, आहे का ते बघा.

रेंडरवाला_नागपूर
आहे. चार वेळा.

कोकणी_मेवा
खोलीतल्या कूलरची हवा पीसीवर घेऊ नका! आमच्याकडे दमट हवेने दोन बोर्ड गंजले.

ठाणे_वेस्ट
त्यांच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते हो. आणि चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यावर दव धरत नाही. थेट तुषार उडत नसतील तर कूलर चालू ठेवा. खोली ३६ ची ३२ झाली की प्रोसेसरही जवळपास चार अंशांनी उतरतो.

पिक्सेलताई
एक विचारते. एमपी४ काढताय की फ्रेम सुट्या? आणि ग्राफिक्स कार्डावर का नाही?

रेंडरवाला_नागपूर
सरळ व्हिडिओ. कार्ड २ जीबीचं आहे, सीन त्यात मावत नाही.

पिक्सेलताई
दादा, आत्ताच्या आत्ता आउटपुट पीएनजी करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं सुटं चित्र निघेल. ओव्हरराइटची खूण काढून टाका. पीसी ७०० व्या फ्रेमला मेला तरी आधीच्या फ्रेम डिस्कवर राहतील, पुन्हा लावलं की तिथूनच पुढे सुरू. एकदा सकाळी उठून तुटकी, न उघडणारी फाइल पाहिली आहे, म्हणून कळकळीने सांगते.

ठाणे_वेस्ट
कॅबिनेटचं झाकण काढून बघितलं का?

रेंडरवाला_नागपूर
काढलं. तीन अंशांचा फरक, बस. दिवाळीच्या साफसफाईत प्रोसेसरवरचा पंखासुद्धा काढून ब्रशने स्वच्छ केला होता, धूळ नाही.

सांगलीचा_पीसीवाला
थांबा. कूलर काढून परत बसवताना प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावली होती का?

रेंडरवाला_नागपूर
नाही, आधीची होती ना लागलेली.

सांगलीचा_पीसीवाला
तिथेच घोळ आहे. कूलर एकदा उचलला की जुन्या पेस्टमध्ये हवेचे खड्डे राहतात. सकाळी पेस्टची ट्यूब आणा. काढण्याआधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा. चारही स्क्रू सैल केले की कूलर सरळ वर ओढू नका, हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवा. या सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात, माझ्या हातून झालेलं आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मधोमध वाटाण्याएवढी नवी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

मग बायॉस (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) मूळ सेटिंगवर न्या. त्यातल्या पीबीओ या भागात पीपीटी, म्हणजे तीच वीज मर्यादा, ६० वॉट करा; कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणारा पर्याय, सगळ्या कोअरना उणे १०. पर्याय दिसला नाही तर बायॉस जुना आहे, पण डेडलाइनच्या तोंडावर अपडेट करू नका, नुसतं मूळ सेटिंग चालेल.

रेंडरवाला_नागपूर
पण मग ४.६ जाईल. वेळ वाढेल ना?

पिक्सेलताई
फ्रेमला किती लागतो?

रेंडरवाला_नागपूर
सव्वा मिनिट.

पिक्सेलताई
म्हणजे ९०० ला पावणेएकोणीस तास. ४.६ चे ४.२ झाले तर साधारण साडेवीस. शनिवारी दुपारी लावलं तर रविवारी सकाळी हातात.

नवा_सभासद
माझा लॅपटॉपही गरम होतो, कूलिंग पॅड घ्यावा का?

रेंडरवाला_नागपूर (शनिवार, दुपारी २:१५)
पेस्ट लावली. जुनी मधोमध पांढरी पडून खवल्यांसारखी सुटली होती, एका कोपऱ्यात तर धातू कोरा दिसत होता. खोलीत ३४, वाळ्याचा कूलर चालू. पीपीटी ६०, उणे १०. अर्धा तास रेंडर चालू आहे, ४.२ च्या आसपास वेग, तापमान ८१ वर थांबलंय. पीएनजीच्या २२ फ्रेम फोल्डरमध्ये आल्या. ताई, दादा, फार उपकार झाले. झाकण उघडं ठेवू की लावू?

सांगलीचा_पीसीवाला
रेंडर संपेपर्यंत उघडंच राहू द्या. मुलं आणि मांजर त्या खोलीत येऊ देऊ नका. रात्री लाइट जाते का तुमच्याकडे?