औंध: संग्रहालय बघून पाहुणे दुपारीच परततात, गावात थांबवायचे कसे?

खटावकर
सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात येणारे राजा रविवर्मांची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प बघतात, डोंगरावर यमाईचं दर्शन घेतात आणि साताऱ्याची वाट धरतात. गावात खर्च म्हणजे चहा आणि नारळ. कोजागिरीनंतरच्या संगीत महोत्सवाचे रसिकही मैफल संपली की निघतात. मोठा निधी नसताना ग्रामपंचायत आणि बचत गटांनी काय करावं?

हिशेबनीस
आधी मोजा. तिकिटांवरून किती आले ते कळतं, गावात किती पैसा राहिला ते नाही. दोन रविवार आणि दोन कामाचे दिवस, बाहेर पडणाऱ्या दर पाचव्या कुटुंबाला चारच प्रश्न विचारा: कुठून आलात, किती जण, मुक्काम कुठे, इथे किती खर्च केला? खटाव-माण तालुक्यांतल्यांची पानं वेगळी ठेवा. त्यांनी औंधात चहा घेतला नसता तर वडूजला घेतला असता, या भागात नवा पैसा आला नाही.

महोत्सवातही तेच. मांडव, ध्वनी, जेवण असे तिन्ही ठेके बाहेरचे असले तर गर्दी नुसती दिसते. ध्वनीला मात्र शास्त्रीय मैफलीचा सराव असलेला माणूस बाहेरून आणावा लागला तरी आणा. तिथे लग्नातला डीजेवाला तंबोऱ्याचा बट्ट्याबोळ करतो. जेवण गावातच द्या.

पिठलं-भाकरी
जेवणाचं शाळांच्या सहलींपासून सुरू करा. ४५ मुलं आणि ३ शिक्षक एकदम दालनात शिरले की कुणालाच काही दिसत नाही. निम्मे संग्रहालयात, निम्मे डोंगरावर, दीड तासाने अदलाबदल. असं केलं की सहल आपोआप जेवणाच्या वेळेपर्यंत गावात राहते.

४८ ताटांना माणशी दोन धरून शंभरेक भाकऱ्या, म्हणजे साधारण १० किलो पीठ. एका भाकरीला तीन मिनिटं धरली तर तिघींना पावणेदोन तास लागतात. फसतं ते ऐनवेळी आलेल्या फोनमुळे. तीन दिवस आधी नोंदणी आणि निम्मी रक्कम आगाऊ, हा नियम मोडू नका.

चितारआळी
विकायला काय ठेवणार? सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना दिसतात आणि तिथेच संच विकत मिळतो. बघितलेली वस्तू घरी नेता येते, हे तिथलं मर्म. प्लास्टिकच्या किचेनने ते साधत नाही.

औंधला चित्रांची पोस्टकार्डं चालतील. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवर आता स्वामित्वहक्क नाही. पण संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, त्यामुळे फोटो काढण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घ्या. मूरच्या शिल्पाचं कार्ड मात्र वकिलाला विचारल्याशिवाय छापू नका. ते १९८६ साली वारले आणि भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०४६ संपेपर्यंत. पहिली छपाई प्रत्येकी दोनशेच करा. कोणतं चित्र खपतं हे आधी ठरवता येत नाही.

खटावकर
आणि मुक्काम? लॉज बांधायला पैसा नाही.

हिशेबनीस
लॉज नकोच. वर्षातल्या चार गर्दीच्या दिवसांसाठी बांधाल आणि बाकी दिवस कुलूप लावाल. पाच-सहा घरांतली एकेक खोली पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदवा. रंगरंगोटी नंतर, आधी कमोड. मैफलीचे निम्मे रसिक गुडघ्यांनी बेजार असतात.

थांबायला सकाळचं कारणही हवं. सूर्यनमस्कारांचा प्रसार केलेल्या, औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजांचं हे गाव. डोंगराच्या पायथ्याशी उजाडताना सूर्यनमस्कार, मग न्याहारी, दहानंतर संग्रहालय. एवढ्यासाठी आदल्या रात्री यावंच लागतं.

चितारआळी
एक राहिलं. महोत्सव तिथीवर आहे, वार दरवर्षी बदलतो. दुसरा दिवस साप्ताहिक सुट्टीचा निघाला तर मुक्कामी पाहुण्यांना दालनाचं कुलूप दिसेल. पंचांग हाती आलं की लगेच तारीख बघा आणि सुट्टी बदलून मिळावी म्हणून दोन महिने आधी अर्ज द्या.