मेहताजींच्या शेजारी बसलात का? (चर्चा)

महापेकर:

तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यासाठी आम्ही पट्टीचं सॉफ्टवेअर केलं. ज्यांचा बाजाराशी संबंध पाव किलोपुरता येतो त्यांच्यासाठी: शेतकऱ्याचा माल विकला की गोण्या किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हाती काय उरलं, हे लिहिलेला कागद म्हणजे पट्टी.

आमचं ऑफिस महापेला, गाळ्यापासून रिक्षाने फार तर वीस-पंचवीस मिनिटं. सात महिन्यांत आमच्यातलं कुणीही ती रिक्षा केली नाही. शेठच ऑफिसात यायचे, एसीत चहा व्हायचा, आम्ही भिंतीवर स्क्रीन दाखवायचो, ते मान डोलवायचे.

सॉफ्टवेअर बसवलं. तीन आठवड्यांत टॅब्लेट पिशवीत गुंडाळून गल्ल्याखाली गेला आणि गाळ्याचा हिशेब लिहिणारे मेहताजी पुन्हा वहीवर. आमच्याकडे निदान तयार होतं: म्हातारा बदलाला घाबरतो.

मग एका पहाटे मी जाऊन बसलो. मेहताजींच्या शेजारी, पोत्यावर, अडीच तास.

तोलणारा वजनं ओरडत असतो, "साडेबावन्न, एक्कावन्न, पन्नास, साडेपन्नास..." मध्ये उसंत नाही. मेहताजी एकाखाली एक आकडे टाकत जातात, दहा झाले की रेघ. फोन मानेत धरलेला, पलीकडून जुन्नरकडचं कुणीतरी भाव विचारतंय. त्या गडबडीत आमचं सॉफ्टवेअर काय मागत होतं? दर गोणीला शेतकरी निवडा, माल निवडा, प्रत (म्हणजे मालाचा दर्जा) निवडा, वजन टाका, जतन करा. आणि वर चौकट: "तुम्हाला खात्री आहे का?" मेहताजी म्हणाले, "खात्री नसती तर लिहिलं असतं का, साहेब?"

आणखी एक. वहीत ५२ च्या पुढे दोन उभ्या दांड्या होत्या, ५२॥. मला आधी वाटलं काहीतरी संपल्याची खूण असेल. ते साडेबावन्न होतं! एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, ही जुनी रीत. आमच्या स्क्रीनवर दशांशचिन्ह शून्याच्या शेजारी, तांदळाएवढं. मेहताजींच्या बोटांना कांद्याच्या टरफलांची धूळ. साडेबावन्नला चार वेळा बोट लावायचं, तेही स्क्रीनने ओळखलं तर.

माझं मत मांडतो, मग खुशाल झोडा. ज्याच्या हातात यंत्र जाणार त्याच्या शेजारी बसल्याशिवाय प्रोग्रॅमची एक ओळही लिहू नये. मीटिंगमध्ये त्याला विचारून उपयोग नाही. मेहताजींना मीटिंगला बोलावलं असतं तर तेही मान डोलवून गेले असते.

सेमीकोलन:

असहमत. भावना छान आहे, धंदा बुडवणारी आहे.

बारा वर्षं हेच काम करतोय, ऐरोलीला. एका मेहताजीच्या शेजारी बसलात, तर अर्ध्याचं बटण करून याल. पलीकडच्या गाळ्यात चोवीस वर्षांचा बी.कॉम. झालेला पोरगा आहे, त्याने आयुष्यात ५२॥ बघितलेलं नाही. त्याच्यासाठी वेगळं करणार? वीस गाळ्यांची वीस सॉफ्टवेअरं? मग ती सांभाळणार कोण, आणि गाळेवाला देतो किती हे इथे सांगायला नको.

शिवाय माणसं शिकतात. यूपीआय २०१६ ला आलं. भाजीवाल्या मावशींच्या शेजारी बसून कुणी विचारलं होतं का, की आभासी पत्ता, पिन, क्यूआर हे तुम्हाला झेपेल का? आज माझ्याकडे सुट्टे नाहीत म्हटलं की त्याच मला ओरडतात.

घोडबंदरची काकू:

सेमीकोलन, उदाहरण उलटं पडलंय तुमचं. मावशींनी क्यूआरचा कागद टांगला तेव्हा त्यांना पैसे आले की नाही हे कळत नव्हतं. गिऱ्हाईक फोन पुढे करून दाखवायचं, या चष्मा शोधायच्या, तोवर मागचं गिऱ्हाईक जुडी उचलून चालतं. पैसे आले की मोठ्याने सांगणारा, बोलणारा डबा आला तेव्हा खरा प्रश्न सुटला. हात ओले, डोळे तराजूवर, कान तेवढे मोकळे! "मला बोलणारा डबा द्या" असं कुठल्याही मावशीने अर्ज करून सांगितलं नसणार. कुणीतरी गाडीपाशी उभं राहून बघितलं असणार, एवढाच तर्क.

पण महापेकर, मला तुमचंही सगळं पटलेलं नाही. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. बँकांत संगणक आणण्याबद्दलचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, त्याच्या आगेमागे आमच्याकडे संगणकावरून युनियनचे मोर्चे निघायचे, मीही घोषणा दिल्यात. पुढे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. सुरुवातीला रडले. वर्षभरात बोटांना सगळं पाठ. कुठली कळ दाबली की खातं, कुठली दाबली की शिल्लक, मान वर न करता. मग साहेब लोकांनी "वापरायला सोपं" असं नवीन आणलं, माऊसचं, चित्रांचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडलं. महिनाअखेरीला रांग दरवाजाबाहेर! दर नोंदीला हात माऊसकडे, परत कळफलकाकडे. नवशिक्याला सोपं ते मुरलेल्याला सोपं नसतं. शेजारी बसायचं तर पहिल्या दिवशी नको, तीनशेव्या दिवशी बसा.

खाडीपलीकडचा:

काकूंना +१. यातली शिस्त ज्यांना हवी त्यांच्यासाठी: आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात वापरयोग्यतेची व्याख्याच अशी आहे की ठरावीक माणसं, ठरावीक काम, ठरावीक परिस्थिती, आणि त्यात काम फत्ते होतं का, किती कष्टात होतं, माणूस समाधानी राहतो का. यातलं "ठरावीक" सोडून दिलं की "सोपं" या शब्दाला काही अर्थ उरत नाही. काकूंच्या बँकेत नेमकं ते झालं.

सेमीकोलनचा खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी वीस गाळ्यांत बसावं लागत नाही. वापरयोग्यतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की एका प्रकारच्या पाच माणसांना वापरताना पाहिलंत तर बहुतेक अडचणी सापडतात, पुढे त्याच त्याच दिसायला लागतात. पाच सकाळी. तुमच्या एका रिलीजनंतरच्या फोनाफोनीपेक्षा स्वस्त पडेल.

सेमीकोलन:

पाच मेहताजी सापडतील हो. पाच *एका प्रकारचे* सापडायचे कुठे?

गाळेवाला:

मी बाजारातला. महापेकरांचा गिऱ्हाईक नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या विचारणा होईल.

तुम्ही सगळे मेहताजी, मेहताजी करताय. पैसे कोण देतो? मी. मला सॉफ्टवेअर का हवं? मेहताजींना सुख व्हावं म्हणून नाही. रात्री घरी बसून आज किती गोण्या उतरल्या, कुणाकडे किती उधारी थकली हे मला दिसावं म्हणून. वही मेहताजींच्या ताब्यात, त्यांचं अक्षर त्यांनाच लागतं. ते गावी गेले की माझा धंदा आंधळा. वडिलांच्या वेळी चाललं. मला नाही चालत.

तेव्हा त्यांना दर गोणीला इतकं सगळं निवडावं लागतं ही तुम्हाला अडचण वाटते, मला त्यातली दोन हवी आहेत. प्रत न निवडता पुढे जाता आलं, तर कुणीच प्रत लिहिणार नाही. मग गोळा माल (मोठा कांदा) आणि गोल्टी (बारीक कांदा) एका भावात दाखवा.

आणि वहीचं कौतुक करायचंच तर खरं करा. २०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल राज्य सरकारने केला. वहीत मेहताजींनी रकान्यावर काट मारली, काम संपलं. माझ्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरवाल्याने एका रकान्यासाठी तीन आठवडे घेतले आणि वर बिल पाठवलं. वापरणाऱ्याची गरज म्हणता ना, ही माझी गरज: उद्या नियम बदलला तर मला काट मारता आली पाहिजे.

महापेकर:

दादा, हे आमच्या शेठनी एसीत बसून सात महिन्यांत एकदाही सांगितलं नाही.

माथाडीपुत्र:

वडील माथाडी, मी ठाण्याला शिकवतो. गाळेवाल्यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

"पैसे देतो तो वापरणारा" ही भांडणं नवीन नाहीत. नॉर्वेत १९७० च्या सुमाराला लोखंड-धातू कामगारांच्या युनियनने क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकतज्ज्ञाला सोबत घेतलं. सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्यांतला हा माणूस, कुणी ऐरागैरा नाही. कारखान्यात येणाऱ्या संगणकाचं काय करायचं हे मालकाबरोबर बसून ठरवण्याइतकं ज्ञान कामगारांकडे असावं, म्हणून तो खटाटोप. पुढे १९८१ ते १९८५ मध्ये छपाई कामगारांच्या युनियनबरोबर युटोपिया नावाचा प्रकल्प झाला. त्यात यंत्र तयार होण्याआधी खोकी आणि कागद मांडून जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणाऱ्या, लोकांनी दाखवलं की आम्ही पान असं लावतो. शेजारी बसून बघणं वेगळं आणि टेबलावर जागा देणं वेगळं. महापेकर, तुम्ही पहिलं केलंत. दुसरं करायला शेठ तयार होतील का?

आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ चा आहे. हमालाची मजुरी कुठे जमा होणार यावर भांडून मिळालेला. स्क्रीनवर कुणाच्या कामाची काय नोंद होणार यावर कुणी भांडलेलं मला तरी ठाऊक नाही.

गाळेवाला:

सर, मान आहे तुमच्या वडिलांना. पण मेहताजींना टेबलावर जागा दिली तर ते पहिली मागणी करतील की टॅब्लेट परत पाठवा. आणि मी ती मान्य करणार नाही. मग ते बसून उपयोग काय?

माथाडीपुत्र:

मान्य करणार नाही हे त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल, हा उपयोग.

वाचनमात्र:

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. ठाणे स्टेशनला तिकिटाच्या मशीनपाशी मदतनीस असतात. रेल्वेने त्यासाठी निवृत्त कर्मचाऱ्यांना घेतलंय. माझा इंजिनिअर भाऊ म्हणतो, स्वतः वापरायच्या मशीनला माणूस लागतो म्हणजे डिझाइन फसलं. मला उलट वाटतं. "दोन बदलापूर रिटर्न" एवढं बोललं की पाच सेकंदांत तिकीट हातात. यंत्र आणि तो काका मिळून एक वस्तू आहे, आणि ती झकास चालते. तुमच्या गाळ्यात प्रत टाकायला एखादा पोरगा ठेवला तर?

सेमीकोलन:

ताई, हे इतकं साधं आहे की आमच्या कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी बोलणार नाही. पोरगा बिलात दाखवता येत नाही ना.

घोडबंदरची काकू:

पट्टी मराठीत निघते का हो, महापेकर? कुणी विचारलंच नाही.

महापेकर:

काकू, वर्मावर बोट ठेवलंत. निघते, पण गावांची यादी आम्ही रोमन अक्षरांतून यंत्राने उलटी करून घेतली होती. आळेफाट्याचं "अलेफाटा" झालं. कऱ्हाडचा ऱ कुठेच नीट उमटेना, रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, कळतं की काय लिहिलंय ते. कळतं, हो. पण ज्या कागदावर माझ्या गावाचं नाव चुकलंय त्यावरच्या रकमेवर मी विश्वास ठेवीन का?

आणि खरी गोष्ट सांगायची राहिलीय. या धाग्यावर मेहताजी की शेठ असं चाललं होतं म्हणून परवा पुन्हा गेलो, आणि ज्याला पट्टी मिळते त्याला फोन लावून द्या म्हणालो. मेहताजींनी लावून दिला. पलीकडे आळेफाट्याजवळच्या एक आजी. गाळ्यात त्या कधी आलेल्याच नाहीत, पट्टी गाडीवाल्याबरोबर जाते. म्हणाल्या, "तुमची छापील पट्टी नको बाबा. जुनी धाड." का, तर आमच्या पट्टीवर एकूण गोण्या आणि एकूण वजन येतं. जुन्या पट्टीला मेहताजींच्या आकड्यांची ती उभी रांग टाचलेली असायची, दर गोणीचं वजन. त्यांचा नातू घरी गोण्या भरताना भिंतीवर खडूने वजनं लिहून ठेवतो. पट्टी आली की आजी त्याला भिंतीसमोर उभं करून एकेक ताडून बघायला लावतात.

आम्ही ती रांग "अनावश्यक तपशील" म्हणून काढली होती. तसा शेराच आहे आमच्या कागदपत्रांत, माझ्या सहीनिशी.

सेमीकोलन:

बरं. हे मात्र मला ऑफिसात बसून सुचलं नसतं.

गाळेवाला:

दोनशे गोण्यांची दोनशे वजनं छापायची? कागद केवढा लांब होईल बघा. रोलचा खर्च कुणाच्या नावावर टाकू, तेही विचारून घ्या आजींना.