रात्रीच्या बससाठी भयनाट्यं आणि विज्ञाननाट्यं : राजेंद्रनगर, इंदूरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरून

बी-२०३ काकू: शनिवारी रात्रीच्या बसने पुण्याला निघतोय. बरोबर अकरावीतली मुलगी आणि कॉलेजातला भाचा. दोघांना भुताचं आणि अंतराळातलं काहीतरी ऐकायचंय. पण कोणीतरी एकटा वाचून दाखवतोय असं नको, नाटकासारखं हवं. हिंदी-इंग्रजी दोन्ही चालेल. काय डाउनलोड करू?

ए-३०२ दादा: काकू, हिंदीत ‘व्हायरस २०६२’ घ्या. स्पॉटिफायवर आहे, रिचा चढ्ढा आणि अली फझल. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि तिच्यासमोरचा रुग्ण, जो म्हणतो मी २०६२ सालातून आलोय. बहुतेक सगळा खेळ दोन आवाजांवर आहे, त्यामुळे बसच्या घरघरीतही शब्द सुटत नाहीत. मूळ मालिका चिलीतली, स्पॅनिश, ‘कासो ६३’, २०२० ची. इंग्रजी आवृत्तीत ज्युलियन मूर आणि ऑस्कर आयझॅक आहेत. कोणतीही एकच भाषा निवडा. कथा तीच आहे, आणि रहस्य एकदा कळलं की दुसऱ्यांदा ऐकण्यात तो ताण राहत नाही.

सी-१०४ ताई: इंग्रजी भयनाट्यात माझ्या मते सगळ्यात वर ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’. २०१६ ते २०२१, पाच सीझन, २०० भाग, कथा पूर्ण झालेली. लंडनमधली एक संस्था लोकांच्या विचित्र अनुभवांचे जबाब जमवते आणि तिथला नवा अभिलेखपाल जुने जबाब टेपवर नोंदवत जातो. लेखक जोनाथन सिम्स, मुख्य आवाजही त्यांचाच. सुरुवातीचे भाग सुटे वाटतात, पण तसे नाहीत. एका जबाबात ओझरतं आलेलं नाव कितीतरी भागांनंतर दुसऱ्याच्या जबाबात येतं, आणि तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणून क्रम मोडायचा नाही. ‘सर्वांत भीतीदायक दहा भाग’ अशा याद्या बघून मधूनच ऐकलं तर ही मालिका कळतच नाही.

बी-४०१: ताई, पण काकूंना वाचन नकोय. मॅग्नसचा पहिला सीझन बराचसा वाचनच आहे.

सी-१०४ ताई: बरोबर आहे तुमचं. बाकी पात्रं हळूहळू येतात, नाटकाचा भाग पुढच्या सीझनांत वाढत जातो. म्हणून बससाठी ‘द व्हाइट व्हॉल्ट’ जास्त योग्य. २०१७ पासूनची मालिका. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला, फ्रिस्टेड नावाच्या चौकीवर एक दुरुस्ती पथक जातं आणि बर्फात अडकतं. पथकातली माणसं वेगवेगळ्या देशांची आहेत, प्रत्येकाचा उच्चार वेगळा, त्यामुळे अंधारात कोण बोलतंय ते लगेच ओळखू येतं. ऐकायच्या नाटकात ही फार मोठी सोय असते. चार सारखे आवाज असले की ऐकणारा दुसऱ्या भागातच गोंधळतो, मग कथा कितीही चांगली असो.

मॅग्नस घरी आल्यावर सुरू करा. पण मुलीला आधी विचारा: किडे-अळ्या, कोळी, बंद जागेत गुदमरणं, यातलं काही सहन होत नाही का? पहिल्या सीझनमध्ये अळ्यांचं प्रकरण मोठं आहे. भागाच्या माहितीत इशारे लिहिलेले असतात, ते वाचूनच प्ले करा.

डी-५०१ काका: मालवा हाउसची, म्हणजे आकाशवाणी इंदूरची, नाटकं रेडिओवर ऐकलेल्यांसाठी जुना खजिनाही सांगतो. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या हल्ल्याची श्रुतिका केली, ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. तासाभराचा कार्यक्रम, आणि त्याचा मोठा भाग बातमीपत्रासारखा: संगीत चालू आहे, मधेच निवेदक येतो, पुन्हा संगीत. अख्खा देश घाबरून रस्त्यावर आला ही गोष्ट वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली होती. रचना मात्र आजही शिकण्यासारखी आहे. मुलांना एवढंच सांगा की सुरुवातीच्या कंटाळवाण्या वाद्यवृंदाला पुढे ढकलू नका, धक्का त्याच्यामुळेच बसतो.

दुसरं, ‘एक्स मायनस वन’, अमेरिकेतलाच एनबीसी रेडिओ, १९५५ ते १९५८. अर्ध्या तासाच्या विज्ञाननाटिका, प्रत्येक स्वतंत्र. ‘अ लॉजिक नेम्ड जो’ ही आधी ऐका. मूळ कथा १९४६ ची, आणि तिच्यात घरोघरी बसवलेली, एकमेकांना जोडलेली, काहीही विचारलं तरी उत्तर देणारी यंत्रं आहेत! भयात ‘क्वाएट, प्लीज’ मालिकेतली १९४८ ची ‘द थिंग ऑन द फोर्बल बोर्ड’, तेलविहिरीच्या मनोऱ्यावरची. हे सगळं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं. रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज, त्यामुळे फोनच्या स्पीकरवरही काही हरवत नाही. खरखर मात्र असणार.

ए-३०२ दादा: काकांचा मुद्दा महत्त्वाचा. नव्या मालिका याच्या उलट असतात. त्यात दार डावीकडे उघडतं, पावलं मागून उजवीकडे जातात. स्पीकरवर ते सगळं सपाट होतं, हेडफोन हवेतच. आता सेटिंग. नाटकं इथेच सगळ्यात जास्त बिघडतात.

‘ट्रिम सायलेन्स’ किंवा ‘स्किप सायलेन्स’, म्हणजे मधली शांतता आपोआप गाळणारी सोय, बंद. पॉडकास्टच्या ॲपांपैकी पॉकेट कास्ट्समध्ये पहिलं नाव आहे, अँटेनापॉडमध्ये दुसरं, आयफोनच्या ओव्हरकास्टमध्ये त्याला ‘स्मार्ट स्पीड’ म्हणतात. गप्पांच्या पॉडकास्टमध्ये वेळ वाचावा म्हणून ही सोय असते. भयनाट्यात पात्र हाक मारतं आणि चार सेकंद काहीच उत्तर येत नाही. ते चार सेकंद लेखकाने मोजून ठेवलेले असतात. ॲप तेच कापतं आणि प्रसंग मरतो. वेगही १ वरच ठेवा. १.५ वर संवाद कळतात, पण वारा, पावलं, श्वास सगळं हास्यास्पद होतं.

‘व्हॉल्यूम बूस्ट’ घरी बंद, बसमध्ये चालू. ते कुजबुज आणि किंकाळी यांतलं अंतर कमी करतं. शांत खोलीत हे नुकसान आहे. बसमध्ये मात्र कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की पुढची किंकाळी कानात बसते, तिथे ते उपयोगी पडतं.

दोन मुलं एकाच जोडीतला एकेक बड वाटून घेणार असतील, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर डाव्या बाजूचं पात्र एकालाच ऐकू येईल आणि दुसरा ‘काय झालं?’ विचारत बसेल. त्यापेक्षा जेल रोडवरून वायरचा स्प्लिटर आणि दोन साधे इयरफोन घ्या. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टरही लागेल. रबरी टोक कानात नीट बसणारं घ्या. टोक सैल असेल तर इंजिनाची घरघर आत येते आणि मुलं आवाज वाढवत जातात.

बी-२०३ काकू: जागा किती लागेल? माझ्या फोनमध्ये २ जीबीच उरलेत.

ए-३०२ दादा: पुष्कळ झाले. १२८ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला मिनिटाला साधारण १ एमबी. दहा तासांचं ६०० एमबीच्या आत बसतं. स्पॉटिफायवर पॉडकास्ट डाउनलोड करायला पैसे भरावे लागत नाहीत. सेंधवा-बिजासनच्या घाटात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. निघण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक भाग दहा सेकंद वाजवून बघा. अर्धवट उतरलेला भाग तिथेच कळतो.

सी-३०३ वहिनी: अंतराळाचं राहिलंच की. ‘वुल्फ ३५९’! २०१४ ते २०१७, ६१ भाग, पूर्ण. वुल्फ ३५९ हा खरोखरचा लाल बटू तारा आहे, सिंह तारकासमूहात, पृथ्वीपासून आठेक प्रकाशवर्षांवर, पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याभोवतीच्या स्थानकावरचे मोजके लोक, एवढीच कथा. सुरुवातीला धमाल विनोदी आहे, पहिल्या सीझनच्या शेवटाकडे रंग बदलतो. दोन-तीन भाग ऐकून ‘हलकंफुलकं आहे’ म्हणून सोडू नका. एकच मालिका घ्यायची असेल तर भाच्यासाठी मी हीच घेईन.

बी-४०१: आणि ‘वेलकम टू नाइट व्हेल’? २०१२ पासून चालू आहे. वाळवंटातल्या गावाच्या स्थानिक रेडिओच्या बातम्या, आणि गावात सगळं अतर्क्य. मधूनच कुठूनही ऐकता येतं.

सी-१०४ ताई: चांगलं आहे, पण तोही बहुतांश एकाच निवेदकाचा आवाज, आणि भीतीपेक्षा विक्षिप्तपणा जास्त. गाव आवडलं तरच पुढे जा. त्यात ‘हवामान’ म्हटलं की अख्खं गाणं लागतं, ते दर भागात असतं. फोन बिघडलाय समजून बंद करू नका. इंग्रजी उच्चार जड गेले तर नाइट व्हेल आणि मॅग्नस दोन्हींच्या संहिता नेटवर वाचायला मिळतात.

बी-२०३ काकू: मग क्रम काय लावू?

ए-३०२ दादा: बस सुटल्यावर ‘व्हायरस २०६२’, दोघं एकत्र ऐकतील. जेवणाच्या थांब्यानंतर ‘व्हाइट व्हॉल्ट’चे पहिले चार-पाच भाग. पहाटे झोपमोड झाली तर काकांची एखादी सुटी नाटिका, मागचं काही आठवावं लागत नाही. ‘वुल्फ ३५९’ परतीसाठी ठेवा. एक नक्की करा: मालिकेच्या पानावर ‘जुने आधी’ असा क्रम लावा. ॲप बऱ्याचदा सगळ्यात नवा भाग वर दाखवतं, आणि पोरं शेवटापासून सुरू करतात.

सी-१०४ ताई: आणि ‘ऐकल्यावर आपोआप डिलीट’ बंद करा काकू. मुलीला झोप लागली तर भाग संपून उडून जाईल, आणि घाटात परत उतरवता येणार नाही. त्यापेक्षा स्लीप टायमरमध्ये ‘भागाच्या शेवटी थांबा’ निवडा.

बी-२०३ काकू: टायमर सापडला. आज रात्री सगळं उतरवून ठेवते. स्प्लिटर उद्या.